नाकात ऑक्सिजनची नळी आणि रोजा

रमजान आला की फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या घरांत एक प्रश्न निघतोच. ऑक्सिजन लावलेला असताना रोजा होतो का? १९९७ साली जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने रोजा न मोडणाऱ्या गोष्टींची यादी ठरवली, तिच्यात ऑक्सिजन वायू आहे. नेब्युलायझरमधून मात्र औषधाचे तुषार जातात, म्हणून त्याबद्दल मुफ्तींना वेगळे विचारावे. रोजा शरीराला झेपेल का, हे आधी डॉक्टरांनीच सांगायचे. आजाऱ्याला कुरआनने सूट दिली आहे. रोजे नंतर भरून काढता येतात आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया, म्हणजे गरिबाला जेवण देता येते.

तरी अब्बा ऐकत नाहीत! उगाच शंका नको म्हणून नळी दिवसभर काढून ठेवतात. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायम कमी असतो, अशा सीओपीडीच्या रुग्णांना तो रोज किमान १५ तास घ्यावा लागतो. १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांत असे रुग्ण त्यामुळे जास्त जगल्याचे दिसले. दम लागला की थोडा वेळ लावायची ही वस्तू नव्हे.

याच्या उलट चूक घरचे लोक करतात. इफ्तारनंतर अब्बा थकलेले दिसले की मायेने यंत्राची कळ फिरवून दोनचे चार लिटर करतात. सीओपीडीच्या अनेक रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. डोके दुखते, बोलणे असंबद्ध होते, गुंगी येते. सहेरीला हाका मारूनही माणूस नीट जागा होत नसेल, तर ती झोप समजू नये, तडक दवाखाना गाठावा. अशा रुग्णांसाठी ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य असते. शंभर दिसावे हा हट्ट घातक आहे.

२०२१ चा रमजान नेमका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आला होता. तेव्हा घेतलेली कॉन्सन्ट्रेटर यंत्रे अजून कित्येक घरांत पडून आहेत आणि शेजारी मागितले की माणुसकीने देतात. हेतू चांगलाच, पण किती लिटर, किती तास, हे चिठ्ठीवर लिहून आणल्याशिवाय ते कोणाला लावू नये. ऑक्सिजन हे औषध आहे.

राहिली आगीची गोष्ट. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो जिथे साठतो तिथे ठिणगीचा भडका होतो. अंथरूण, दाढी, कपडे यांत तो मुरतो. यंत्र बंद केल्यावरही काही वेळ राहतो. म्हणून इफ्तारची भजी तळली जातात त्या स्वयंपाकघरात रुग्णाला बसवू नये. मगरिबला लोबान फिरवायची रीत असेल तर त्या खोलीत नको. शेजारच्या घरी समई, उदबत्ती असते, तिलाही हेच लागू. आगीपासून निदान तीन मीटर अंतर हवे. विडी तर घरातच नको. नाकाशी तेलकट अत्तर किंवा व्हॅसलिन लावू नये. नाक कोरडे पडले तर पाण्यात मिसळणारे मलम डॉक्टरांकडून घ्यावे.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. तरावीहच्या वेळी वीज गेली आणि घरात एकटी अम्मीच असली, तर जवळच्या छोट्या सिलिंडरचा वॉल्व्ह कसा उघडायचा, हे तिला आजच दाखवून ठेवावे.