शोधयंत्राला वाचता येईल असे लेखन

शासकीय संकेतस्थळावर माहिती असूनही ती नागरिकाच्या हाती लागत नाही, याचे कारण पुष्कळदा लेखनातच असते. शोधयंत्र पानावरील शब्दांची सूची करते व विचारलेल्या शब्दांशी ती ताडून पाहते. युनिकोडपूर्व टंकांत मुद्रित केलेला मराठी मजकूर पडद्यावर सुबक दिसला, तरी आत रोमन अक्षरांची निरर्थक जुळणीच साठविलेली असते. शोधयंत्राला तेथे मराठी दिसतच नाही. वस्तुतः युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला आहे!

दुसरी अडचण शब्दांची. शेतकरी ‘सातबारा उतारा’ शोधतो. पानावर मात्र केवळ ‘गाव नमुना सात व बारा’ असते. अशा वेळी एखाद्या मध्यस्थाचे पान आधी पुढे येण्याचा संभव असतो आणि शेतकऱ्यास नाहक भुर्दंड पडतो. यास्तव दोन्ही शब्द शीर्षकात व आरंभीच्या परिच्छेदात योजावेत. अर्ज कोठे करावा, कागदपत्रे कोणती, शुल्क किती, हेही तेथेच सांगावे. एकच शब्द वीस वेळा घुसडून मात्र काही साधत नाही. गूगलने तर २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल करून निःसत्त्व मजकुराची पाने मागे टाकण्यास आरंभ केला. शुल्क बदलताच पानावरील आकडाही त्याच दिवशी बदलावा.