बाळ निघाले गुलमर्गला

डिसेंबरात इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कानटोप्या दिसू लागल्या, की घरोघरी काश्मीरचे बेत शिजतात. आई-बाबांना स्कीइंग शिकायचे असते. प्रश्न दीड-दोन वर्षांच्या बाळाचा. आजी म्हणते, ‘त्याला माझ्याकडे ठेवा.’ न्यायला हरकत नाही, पण किती उंच जायचे ते बाळाकडे पाहून ठरवावे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, गुलमर्ग २,६५० मीटरवर. तिथला गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटला, ३,९०० मीटरच्याही वर नेतो. तिथे हवा विरळ. डोके दुखले तर मोठे सांगतात. एवढे मूल नुसती किरकिर करते, दूध नाकारते, उलटी करते. आपण म्हणतो, दात येत असतील! अशा वेळी खाली उतरणे हाच पहिला उपाय. म्हणून आधी श्रीनगरला एक-दोन मुक्काम करावेत आणि बाळासोबत अफरवटचा हट्ट धरू नये. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

बर्फावर धडपडणाऱ्या बाबांना घाम फुटतो; स्लेजवर बसलेले मूल मात्र हलत नसल्याने गारठते. ओले हातमोजे लगेच बदलावेत. स्कीइंग आई-बाबांनी आळीपाळीने करावे. खोलीत बुखारी पेटवली असेल तर खिडकीला फट ठेवावी, आणि निखाऱ्यांची कांगडी बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.