इंग्रजी क्रियापदाचे तिसरे रूप

इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आले आहे : ‘आय हॅव वेंट’. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’नंतर क्रियापदाचे तिसरे रूप येते, म्हणून येथे ‘गॉन’ हवे, हा नियम विद्यार्थ्याला पाठ असतो. तरी लेखणी ‘वेंट’कडेच वळते. त्यावर लाल रेघ ओढणे सोपे आहे. मात्र या चुकीचे मूळ आळसात नसून मातृभाषेत आहे, असे आमचे मत आहे.

‘मी पत्र लिहिले’ हा आपला साधा भूतकाळ आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ. ‘लिहिले’ दोन्हीकडे तेच. भर पडते ती ‘आहे’ची. मूल हाच हिशेब इंग्रजीत मांडते : ‘रोट’ म्हणजे लिहिले, तर ‘हॅव रोट’ म्हणजे लिहिले आहे. ‘वॉक्ड’, ‘प्लेड’ यांसारखी नियमित क्रियापदे त्याची समजूत पक्की करतात, कारण त्यांचे दुसरे व तिसरे रूप एकच असते. ‘रोट–रिटन’, ‘सॉ–सीन’, ‘टुक–टेकन’ येथे हिशेब फसतो.

तीन रकान्यांचे पाठांतर हवेच. त्याला पर्याय नाही. पण त्याआधी तिसरे रूप म्हणजे काय, हे मराठीतून सांगावे. ‘रिटन’ म्हणजे ‘लिहिले’ नव्हे, ‘लिहिलेले’. ‘ब्रोकन’ म्हणजे ‘मोडलेले’. मोडलेल्या खुर्चीला ‘ब्रोकन चेअर’ म्हणतात, ‘ब्रोक चेअर’ म्हणत नाहीत. जे रूप खुर्चीचे विशेषण होते, तेच ‘हॅव’नंतर बसते. ही खूण दिली की मुले चुकीची जागा पुष्कळदा स्वतःच ओळखतात.

इतिहासाचा साक्षीदारही हेच सांगतो. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या रचनेचा मूळ अर्थ ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ असा होता, आणि आपण ‘आंबा खाल्ला आहे’, ‘भाकरी खाल्ली आहे’ म्हणतो तसे ते कृदन्तही कर्माप्रमाणे बदलू शके. पुढे ते बदलणे लोपले. आज ‘ईटन’ सर्वत्र ‘ईटन’च राहते, कर्त्याप्रमाणे बदलते ते फक्त ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. येणे-जाणे दाखवणाऱ्या क्रियापदांबरोबर तर जुनी इंग्रजी ‘हॅज’ऐवजी ‘इज’ वापरी. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘इज कम’ अशी रूपे आढळतात. आपल्या ‘आला आहे’ची ही दूरची भावकीच म्हणावी.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांचा घोळही मराठीतून सुटतो. ‘ही हॅज गॉन टू नागपूर’ म्हणजे तो नागपूरला गेला आहे, अजून परतलेला नाही. ‘ही हॅज बीन टू नागपूर’ म्हणजे तो जाऊन आला आहे. इंग्रजी न शिकलेल्या आईलाही ‘गेलाय की जाऊन आलाय?’ असे विचारून मुलाचा अभ्यास घेता येईल.

मराठीचा आधार एका ठिकाणी मात्र दगा देतो. ‘मी कालच अर्ज पाठवला आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. इंग्रजीत ‘येस्टरडे’ आले की ‘हॅव’ जाते आणि ‘आय सेंट’ एवढेच उरते. भूतकाळातील ठराविक वेळ सांगितली की तेथे पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. नोकरीच्या अर्जांत हा दोष फार दिसतो : ‘आय हॅव पास्ड द एस.एस.सी. एक्झामिनेशन इन १९९८’. पात्रता पुरेपूर असलेल्या उमेदवाराच्या अर्जात पहिल्याच ओळीत ही चूक दिसावी, याची आम्हांला हळहळ वाटते. अर्ज लिहिणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वाक्यात वर्ष घालायचे असेल, तर ‘आय पास्ड’ असे लिहावे; ‘आय हॅव पास्ड’ ठेवायचे असेल, तर वर्ष खालच्या तक्त्यात स्वतंत्र रकान्यात द्यावे.