छायाचित्र आणि कुंचला

आमच्या जुन्या घराच्या माजघरांत एक मोठी तसबीर होती. तींत आजोबा व आजी खुर्च्यांवर शेजारीं शेजारीं बसलेलीं होतीं. मागें संगमरवरी खांब, खांबाला गुंडाळलेला मखमली पडदा आणि पलीकडे एक सरोवर. असा पडदा आमच्या गांवांत कोणाच्या घरीं नव्हता आणि सरोवर तर पंचक्रोशींत नव्हतें. परंतु लहानपणीं आम्हांस त्याचें कांहींच नवल वाटत नसे. नवल वाटलें तें पुढें, मी चित्रकलेचे धडे घेऊं लागल्यावर. छायाप्रकाश कसा दाखवावा हें शिकत असतां एके दिवशीं सहज त्या तसबिरीकडे पाहिलें, तों असें दिसून आलें कीं, आजोबांच्या नाकाची सावली उजव्या गालावर पडली आहे आणि आजीच्या नाकाची डाव्या गालावर. एकाच जागीं, एकाच वेळीं बसलेल्या दोन माणसांवर उजेड दोन बाजूंनीं कसा पडावा?

मीं आजीला विचारलें. ती हंसून म्हणाली, "अरे, चारचौघांत ते माझ्या इतक्या जवळ कधीं बसले का?"

खरी हकीकत अशी होती. आजोबा १९४८ सालीं वारले. दोघांचा मिळून असा एकहि फोटो नव्हता. आजोबांचा होता तो कचेरींतील मंडळींच्या समूहांतला, मागच्या रांगेंतला, नुसतें डोकें दिसणारा. आजीचा होता तो त्यानंतर दोन वर्षांनीं एका लग्नांत काढलेला. वडिलांनीं हे दोन्ही फोटो शहरांतील एका फोटोवाल्याकडे दिले आणि त्यानें त्यांतून ही तसबीर तयार केली. तींत आजीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, गळ्यांत मंगळसूत्र आहे, अंगावर हिरवें लुगडें आहे. ज्या दिवशीं तिचा फोटो निघाला त्या दिवशीं यांपैकीं कांहींहि तिच्या अंगावर नव्हतें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी तसबीर असेल. तिच्याकडे आतां जरा निराळ्या दृष्टीनें पाहावें, म्हणून अशीं चित्रें कशीं होत असत तें सांगतों.

प्रथम लहान फोटोचा पुन्हा फोटो काढून चेहरा मोठा करीत व बिनचकाकीच्या ब्रोमाइड कागदावर छापीत. मग चेहऱ्याची कड धारदार पात्यानें कापून, ती मागील बाजूनें खरवडून पातळ करीत, म्हणजे चिकटविल्यावर उंचवटा राहत नसे. जाड पुठ्ठ्यावर असे दोन चेहरे लावले कीं बाकीचें काम कुंचल्याचें. आजोबांचा कोट, उपरणें, हातांतील काठी, फार काय, हातसुद्धां चित्रकाराच्या कल्पनेंतून उतरलेले होते.

रंगहि दोन जातींचे वापरावे लागत. चेहऱ्यावर पारदर्शक रंगाचा अगदीं पातळ हात द्यावयाचा. कारण गालाचा खळगा, पापणीखालची सावली हीं छायाचित्रानें आधींच दाखविलेलीं असतात. तेथें रंगाऱ्यानें स्वतःचें चातुर्य दाखवूं नये, छायाचित्राला फक्त वर्ण द्यावा. वस्त्रें व दागिने यांसाठीं मात्र पांढरा मिसळलेला दाट रंग घेत, आणि त्याखालीं मूळ चित्र झांकून जाई. हा दाट रंग कालांतरानें पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्या तसबिरींतहि आजीच्या कोपराशीं हिरव्या लुगड्याचा टवका उडाला आणि खालून पांढरें लुगडें दिसूं लागलें. वडील तें दुरुस्त करून घेणार होते. आजी म्हणाली, "राहूं दे." कां, तें तिनें सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

आणखी एक कसब होतें, तें पाहणाऱ्यास कधीं दिसतच नसे. कांचेच्या निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनें बारीक ठिपके देत. निगेटिव्हमध्यें जो भाग स्वच्छ असतो तो कागदावर काळा उमटतो. तेथें पेन्सिलीचें शिसें बसलें कीं उजेड अडतो आणि छापतांना ती जागा उजळ होते. याच युक्तीनें कपाळावरच्या आंठ्या, डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें, देवीचे व्रण हे सारे नाहींसे होत. म्हणजे ज्याला आपण निव्वळ फोटो समजतों त्यांतहि बहुधा कोणाची तरी पेन्सिल फिरलेली असे.

यांत विपरीत असें कांहीं नाहीं. छायाचित्रणाचा जन्मच मुळीं चित्र न साधल्यामुळें झाला. इंग्लंडांतील हेन्री फॉक्स टॅल्बट हा गृहस्थ १८३३ सालीं इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं बसून निसर्गदृश्य रेखाटीत होता. हाताशीं कॅमेरा ल्युसिडा नांवाचें यंत्र होतें. त्यांतील लोलकामुळें समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा भासतो आणि त्यावरून नुसती पेन्सिल फिरवावयाची असते. परंतु तेवढेंहि त्याला साधेना. तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, ही प्रतिमा आपली आपणच कागदावर उमटून राहील तर काय बहार होईल! या विचारांतून त्यानें जी विद्या सिद्ध केली तिला आरंभीं तो रेखाटनच म्हणत असे, आणि १८४४ सालापासून भागशः प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला त्यानें 'निसर्गाची पेन्सिल' या अर्थाचें नांव दिलें.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर पोहोंचली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या उभारणींत ज्यांचा हात होता त्यांत विल्यम जॉन्सन हा एक. त्यानें मुंबईंतील नाना जातिजमातींच्या लोकांचा एक सचित्र ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत काढला. त्यांतील माणसें उघड्यावर उभीं आहेत असें वाटतें. वस्तुतः त्यांचे फोटो स्टुडिओंत काढलेले असून मागील देखावे निराळे काढून जोडलेले आहेत. आमच्या माजघरांतल्या सरोवराचे हे पूर्वज होत!

राजस्थानांत उदेपुराजवळ नाथद्वारा येथें तर याची एक शाखाच निर्माण झाली. श्रीनाथजींच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंस देवापुढें हात जोडून उभें असलेलें आपलें चित्र हवें असे. पूर्वीं तेथील चितारी तें सगळें हातानें काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं कांहीं चितारी यात्रेकरूचा चेहरा फोटोंतून कापून चित्रावर चिकटवूं लागले. देव, गाई, कमळें व वस्त्रें परंपरागत रंगांत आणि मधूनच एक खराखुरा, मिशांचा, थोडा गांगरलेला चेहरा! ज्या भक्तानें ओळख पटावी म्हणून पैसे मोजले त्याला तें चेहऱ्यापुरतेंच हवें होतें. देवाचा फोटो कोणीं मागितला नाहीं. कोणतें काम यंत्राचें आणि कोणतें हाताचें, ही वांटणी त्या चिताऱ्यांनीं किती अचूक केली पाहा.

याच्या थोडें आधीं, म्हणजे १८६० ते १८८० च्या सुमारास, इंग्लंडांतील उच्च कुळांतील स्त्रिया आप्तेष्टांचे छोटे फोटो कापून जलरंगांतील चित्रांवर लावीत आणि आपल्या संग्रहवह्या सजवीत. एकीच्या वहींत तळ्यांत पोहणाऱ्या बदकांना प्रतिष्ठित माणसांचीं डोकीं लावलेलीं आहेत. पुढें बर्लिनमध्यें हाना ह्योख या चित्रकर्त्रीनें १९१९ सालीं वर्तमानपत्रांतील व मासिकांतील चित्रें कापून एक प्रचंड जोडचित्र केलें व त्याच्या नांवांत स्वयंपाकघरांतल्या सुरीचा उल्लेख केला. तिचा रोख त्या काळच्या राजकारणी पुरुषांवर होता. आपल्या देशांत विवान सुंदरम् यांनीं २००१-०२ सालीं केलेली मालिका मला सर्वांत जवळची वाटते. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल हे हौशी छायाचित्रकार होते व मावशी अमृता शेरगिल ही विख्यात चित्रकर्त्री. आजोबांनीं काढलेल्या जुन्या फोटोंतून सुंदरम् यांनीं संगणकाच्या साह्यानें नवीं चित्रें जुळविलीं आणि निरनिराळ्या काळांतील आप्तांस एका चौकटींत आणलें. आमच्या शहरांतल्या फोटोवाल्यानें पात्यानें व डिंकानें दुसरें काय केलें होतें?

आतां तुम्हांस स्वतः करून पाहावयाचें असल्यास कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. पहिली ही कीं, घरांतील मूळ फोटोला कात्री किंवा रंग कदापि लावूं नये. पालकांनींहि याविषयीं मुलांस बजावून ठेवावें; एकुलता एक फोटो एका रविवारच्या हौसेखातर जाण्यासारखा नसतो. मोबाइलनें त्याची प्रत घ्यावी व ती लेझर यंत्रावर थोड्या जाड, साध्या कागदावर छापून घ्यावी. घरगुती छपाईयंत्राची शाई पुष्कळदां पाण्यानें पसरते. लेझरची काळी भुकटी पसरत नाहीं, म्हणून तिच्यावर जलरंग खुशाल द्यावे. गुळगुळीत, चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाहीं व रंग थेंबाथेंबानें गोळा होतो. छापतांना चित्र नेहमींपेक्षां फिकें ठेवावें, म्हणजे तुमच्या रेघेला बोलावयास जागा राहील. चिकटविण्यास मैद्याची पातळ शिजविलेली खळ पुरते. खळीनें कागद भिजून वाढतो व वाळतांना आंखडून वळतो. यासाठीं तो कोऱ्या कागदांत घालून जड पुस्तकांखालीं रात्रभर दाबून ठेवावा. आणि दोन फोटो जोडावयाचे असतील तर आधीं नाकाखालची सावली पाहावी!

मोबाइलवर एक बोट दाबतांच फोटोचें 'चित्र' करून देणाऱ्या सोयी हल्लीं निघाल्या आहेत. त्यांची मला फारशी मातबरी वाटत नाहीं. सगळ्याच चेहऱ्यांना एकच रेघ मिळते, आणि फोटोंत जें नव्हतें त्यांतलें कांहींएक त्या रेघेला ठाऊक नसतें. खरें काम तेथेंच असतें. माझ्या एका विद्यार्थ्याचें मूळ गांव कोयनेच्या जलाशयाखालीं गेलें. त्याच्या घरीं त्या गांवांतला एकच फोटो होता: उंबऱ्यावर बसलेलीं तीन मुलें व अर्धी चौकट. त्यानें तो मोठ्या कागदाच्या मध्यावर लावला आणि आजोबांस विचारून विचारून पेन्सिलीनें सभोंवार घर वाढवीत नेलें. ओसरी, गोठा, परसांतला फणस, नदीची वाट. कागद अपुरा पडला तेव्हां त्यानें दुसरा जोडला. फोटो कोठें संपतो व पेन्सिल कोठें सुरू होते तें त्यानें लपविलें नाहीं, आणि मला तेंच फार आवडलें. आमच्या फोटोवाल्याचें सारें कौशल्य सांधा लपविण्यांत खर्ची पडलें होतें.

मींहि एकदां धाडस केलें. कलाशाळेंत असतांना आमच्या तसबिरीचा फोटो काढून त्याची फिकी प्रत छापली. कुंकू, मंगळसूत्र, लुगडें यांस मीं हात लावला नाहीं. तो आजीचा प्रश्न होता. परंतु आजोबांचे हात तिला पहिल्यापासून पसंत नव्हते. "तोंड त्यांचें, हात कुणा भलत्याचे," असें ती म्हणे. मीं प्रतीवरचे ते गुबगुबीत हात पांढऱ्या रंगानें झांकले आणि ती सांगेल तसे पेन्सिलीनें नवे काढूं लागलों: बोटें लांब, नखें आंखूड कापलेलीं, टांक धरून धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा, लहानपणीं दारांत चेंगरून वांकडी झालेली डावी करंगळी. तीन संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून होती. शेवटीं कागद तिच्या हातीं दिला. तिनें तो खिडकीपाशीं नेला, डोळ्यांजवळ धरला, आणि बऱ्याच वेळानें म्हणाली, "करंगळी आणखी वांकडी होती."

मीं ती खोडून पुन्हा काढली.