बावीसचा होकार, बावीसचा नकार

दिवाळीत पत्ते निघतातच. त्यातले एक्के, राजे, राण्या आणि गुलाम वेगळे काढा आणि ही 16 पानं चार ओळींत चार-चार अशी मांडा. अट अशी, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत चारही चित्रं आणि चारही रंग यायला हवेत. पहिल्या ओळीत इस्पिक एक्का, बदाम राजा, किलवर राणी, चौकट गुलाम. दुसरीत किलवर राजा, चौकट एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. उरलेल्या दोन ओळी तुम्ही लावा.

16 ला जमतं, 25 ला जमतं. सहा पलटणी आणि सहा हुद्दे घेऊन 36 अधिकारी उभे करायला गेलं की मात्र गाडं अडतं. गणितज्ञ ऑयलरचंही अडलं. 1782 साली त्याने अंदाज मांडला, की 6, 10, 14, 18 अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येइतक्या ओळींना ही मांडणी नाही. गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने 1900 च्या सुमारास एकेक शक्यता हाताने तपासून 6 पुरता तो खरा ठरवला. पुढच्या संख्यांना तसं तपासणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

या कोड्याला पुढे भिडलेले गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म 1917 चा, सागरचा. शिक्षण नागपूरला, मग कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. तिथे राजचंद्र बोस होते, आणि शेतीतल्या प्रयोगांची आखणी हा त्यांचा विषय. त्या आखणीतला एक नमुना बघा. बियाण्यांचे 22 वाण आहेत. त्यांचे 22 गट करायचे, प्रत्येकात 7 वाण, आणि कोणतेही दोन वाण नेमके दोनच गटांत एकत्र. बेरीज-गुणाकाराने सगळं जुळतं, तरी असे गट होत नाहीत. कारण वाणांची संख्या सम असली, की 7 वजा 2 हा पूर्ण वर्ग असावा लागतो, आणि 5 पूर्ण वर्ग नाही! अशा अशक्यतेच्या सिद्धता श्रीखंडे यांनी 1950 मध्ये दिल्या. त्याच सुमारास इतरांच्याही हाती त्या स्वतंत्रपणे लागल्या होत्या. वाण मोजता मोजता माणूस थेट संख्या-सिद्धांताच्या गाभ्यात पोचतो, हे मला या विषयातलं सगळ्यात देखणं वळण वाटतं. त्याच वर्षी अमेरिकेत चॅपल हिलला बोस यांच्याच हाताखाली त्यांची पीएच.डी. झाली.

नऊ वर्षांनी बोस आणि श्रीखंडे यांच्यापुढे पुन्हा 22, ऑयलरच्या मांडणीतला; पण या वेळी उत्तर होकाराचं. आणखी एक जुनं कोडं आहे: 15 मुली आठवडाभर रोज तिघी-तिघींच्या पाच रांगांनी फिरायला जातात, आणि कोणत्याही दोघी एकदाच एका रांगेत येतात. हे जमतं. आता प्रत्येक दिवसासाठी एक नवी मुलगी घ्या आणि त्या दिवसाच्या पाचही रांगांत तिला घाला. चौघींचे 35 गट झाले. नव्या सात जणींचा आणखी एक गट करा. एकूण मुली 22, आणि कुठलीही जोडी एकाच गटात. चार आणि सात ओळींच्या मांडणीचे चौरस आधीच माहीत होते. ते या गटांवर बसवून 22 चा चौरस उभा राहतो. 22 ला चारने भागलं की दोन उरतात, म्हणजे ऑयलरचा अंदाज कोसळला.

त्याच वर्षी अर्नेस्ट पार्कर यांनी सातच्या बाक्यांचं गणित वापरून 10 चा चौरस बांधला, आणि मग तिघांनी मिळून दाखवलं, की 2 आणि 6 सोडले तर ऑयलर सगळीकडे चुकला. 26 एप्रिल 1959 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. आपल्याकडे गणिताच्या बातमीला पहिलं पान मिळायचं तर निदान बोर्डाचा पेपर फुटावा लागतो.

1963 ते 1978 श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. 16 बिंदूंचा, प्रत्येक बिंदू सहा बिंदूंना जोडलेला, एक आलेख जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून शिकवला जातो. 2020 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी ते गेले. 10 बाय 10 चे एकमेकांशी असे जुळणारे दोन चौरस (एक पलटणींचा, एक हुद्द्यांचा) 1959 मध्येच मिळाले. तीन मिळतात की नाही, हे अजून ठरायचं आहे.