अल्पतापावस्था, जलक्रीडेतील

शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५° से.च्या खाली उतरणे म्हणजे अल्पतापावस्था होय. निरोगी माणसात ते सु. ३७° से. असते. पाणी हे हवेच्या सु. २५ पट उष्णतावाहक असल्यामुळे कयाक, होडी वा तराफा वल्हविणाऱ्यांना हवा उबदार असतानाही ही अवस्था येऊ शकते.

थंड पाण्यात पडल्यावर धोके क्रमाने येतात. १५° से.हून थंड पाण्यात पहिल्या एकदोन मिनिटांत धाप लागते व श्वास नकळत ओढला जाऊन नाकातोंडात पाणी जाते. पाणी फार थंड असल्यास सु. १० मिनिटांत हातपाय गारठून पोहणे अशक्य होते. अल्पतापावस्था त्यानंतर, बहुधा अर्ध्या तासाने येते. म्हणजेच अनेक बळी गारठ्याने नव्हे, तर त्याआधी बुडून जातात. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जीवरक्षक जाकीट घालणे आवश्यक असते.

बदलापूरजवळील बारवी धरण (१९७२) महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असून ते मुख्यत्वे पाणीपुरवठ्यासाठी आहे. तेथे परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. कोकणातील अशा जलाशयांचे पाणी ऋषिकेशच्या गंगेसारखे हिमजलाने गारठलेले नसते, त्यामुळे पहिला आघात सौम्य असतो. तथापि पावसाळी वारा, ओले सुती कपडे, थकवा आणि उलटलेल्या नावेला धरून काढलेले तास यांमुळे २५° से. तापमानाच्या पाण्यातही शरीर उष्णता गमावत राहते. धरण भरल्यावर स्वयंचलित दरवाजे उघडून खालच्या पात्रातील प्रवाह एकाएकी वाढतो. तो धोका थंडीहून मोठा असतो.

लक्षणे : प्रारंभी हुडहुडी भरते, बोटे बधिर होतात व बोलणे अडखळते. ३२° से.च्या खाली हुडहुडी थांबते आणि गुंगी येते. हे सुधारणेचे नव्हे, तर गंभीर अवस्थेचे चिन्ह होय. २८° से.च्या खाली हृदयाचे ठोके घातक रीत्या अनियमित होण्याचा संभव असतो.

उपाय : नाव सोडून काठाकडे पोहू नये, शक्य तितके शरीर नावेवर चढवावे. तसे न जमल्यास गुडघे छातीशी घेऊन स्थिर राहावे. अनेक जण असल्यास एकमेकांना बिलगून राहावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीस आडवे ठेवून हळुवार हाताळावे, ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यात गुंडाळावे आणि छाती, काखा व मान यांना ऊब द्यावी. ती शुद्धीवर असून तिला नीट गिळता येत असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. मद्य देऊ नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता अधिकच जाते. श्वास थांबलेला असल्यास कृत्रिम श्वसन व हृदयमर्दन सुरू करावे आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत चालू ठेवावे. गारठलेली व्यक्ती मृतवत् दिसली, तरी ती वाचण्याची शक्यता असते.