भिवंडी पेटली नाही, त्याची गोष्ट

६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांतल्या दंगलींत नऊशे माणसं गेली. पण मुंबईच्या जवळच असलेली भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली. भिवंडीची आधीची ओळख ज्यांना ठाऊक होती, त्यांच्यासाठी हे नवल होतं.

यंत्रमागांचं हे गाव दंगलींचंही गाव म्हणून ओळखलं जाई. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगावपर्यंत उमटले. या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांवर ठपका ठेवला. दंगलीच्या तपासासाठी नेमलेलं विशेष पथकच एका समाजाविरुद्ध पक्षपाताने वागलं, असं आयोगाला आढळलं. ज्यांनी न्याय द्यायचा त्यांनीच बाजू घेतली की लोक पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत, आणि मग गल्लीतली अफवा ठाण्यापर्यंत वेळेत पोहोचतही नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. तणाव वाढला की शांतता समितीची बैठक बोलवायची, पुढाऱ्यांना खुर्च्या द्यायच्या, चहापाणी करून आवाहन काढायचं, ही तेव्हाची पोलिसी रीत. खोपडे यांनी ती बाजूला ठेवली. त्यांनी गावभर सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी नकोत, गुंड तर मुळीच नकोत; त्या त्या वस्तीत राहणारी साधी माणसं हवीत, हिंदूही आणि मुसलमानही, असा त्यांचा आग्रह होता. समितीची जबाबदारी त्यांनी खालच्या फळीतल्या पोलिसांवर सोपवली.

या योजनेचा कणा इथेच आहे. साहेब येतात आणि जातात. गल्लीला रोज दिसतो तो हवालदार. एरवी त्याच्या वाट्याला बंदोबस्त आणि वरिष्ठांची बोलणी. इथे मात्र एक वस्ती त्याच्या नावे झाली. दंगल नसतानाही लोक त्याच्यासमोर एकत्र बसू लागले, एकमेकांना चेहऱ्याने आणि नावाने ओळखू लागले. शेजाऱ्यांचं भांडण विकोपाला जाण्याआधीच त्याच्या कानावर येऊ लागलं. अशी ओळख असली की मशिदीवर किंवा देवळावर हल्ला झाल्याची अफवा उठते तेव्हा खरं काय ते विचारायला माणूस असतो. डिसेंबर १९९२ येईपर्यंत खोपडे यांची बदली झाली होती, पण समित्या जागेवर होत्या.

मुंबईत असं जाळं नव्हतं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात नऊशे मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारातले असल्याची नोंद आहे. मुसलमानांविषयी पोलीस दलात पूर्वग्रह होता, हेही आयोगाने लिहिलं आणि ३१ पोलिसांची नावं घेतली. त्यांच्यावरची कारवाई मात्र रेंगाळली. याचं दुःख आजही अनेक घरांत आहे, आणि ते रास्त आहे. गुन्हा करणाऱ्या वर्दीवाल्याला शिक्षा होत नाही तोवर विश्वासाची भाषा त्या घरांना पोकळच वाटणार.

तरीही काहींनी काम हाती घेतलं. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी घरोघरी जाऊन माणसं जोडली. चार धर्मांच्या वेशातली चार मुलं आणि ‘हम सब एक हैं’ हे शब्द असलेलं त्यांचं भित्तिपत्रक गाजलं. या दोघांच्या मैत्रीवर ‘नाता’ हा माहितीपटही निघाला. पुढे मोहल्ल्यातली पोरं आणि पोलीस क्रिकेटच्या मैदानात एकत्र खेळू लागले. लाठी घेऊन समोर उभा दिसणारा शिपाई इथे सोबत खेळताना दिसला, ही त्या पोरांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

भिवंडीत मात्र २००६च्या जुलैमध्ये घात झाला. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन आंदोलक मेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ज्या गावाचा दाखला देशभर दिला जात होता, तिथेच हे घडलं. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने उभं राहिलेलं काम त्याच्या माघारी जिवंत ठेवण्याची सोय दलात नसते, याचा इतका कडू पुरावा दुसरा नसेल.

सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तशी तरतूद केली. ती गरजेचीच आहे, पण तक्रार होते ती घाव बसल्यानंतर. घाव बसू नये यासाठीचं काम ठाण्यातच व्हायला हवं. बदलीच्या वेळी नवा अधिकारी ठाण्याचा कार्यभार घेताना मुद्देमाल आणि हत्यारं मोजून घेतो. समित्यांच्या सदस्यांची यादी आणि वस्तीतल्या जुन्या तंट्यांची नोंदही त्याच कार्यभारात लेखी यायला हवी, आणि जुन्या अधिकाऱ्याने जाण्याआधी नव्याला त्या गल्ल्यांतून स्वतः फिरवून आणायला हवं.